विकतची रेल्वे, फुकटचा संशय

वाचकाचं पत्र, थोडक्यात: भुसावळ विभागात मालगाडीवर गार्ड म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले एक वाचक कॉम्प्युटरवर ट्रेन सिम्युलेटर, म्हणजे रेल्वे चालवायचा खेळ, खेळतात. कॉम्प्युटर पुण्याच्या मुलाने घेऊन दिला. बिघडला की तो तिथूनच रिमोट सॉफ्टवेअरने दुरुस्त करतो. बहुतेक रूट (खेळातले रेल्वेमार्ग) आणि इंजिनं फुकट मिळालेली आहेत. मागे एकदा पैसे देऊन इंजिनांचा संच घेतला, तेव्हा अँटिव्हायरसने धोक्याचा इशारा दिला. विकणाऱ्याला विचारलं तर उत्तर आलं, 'इशारा खोटा आहे, इन्स्टॉल करताना अँटिव्हायरस बंद ठेवा.' यांनी घाबरून संच काढून टाकला. आता दुसऱ्या एका साइटवर घाटाचा रूट भारतीय इंजिनांसकट अठराशे रुपयांना मिळतोय. पण हौशी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाने छातीठोक सांगितलं की पैसे घेणाऱ्या सगळ्याच साइट इन्स्टॉलरमध्ये हेर बसवतात. त्याने खरेदी केली आणि आठवड्याभरात त्याचं फेसबुक अकाउंट गेलं. दुसरा मित्र तोच रूट पेनड्राइव्हवर फुकट द्यायला तयार आहे. पेन्शनच्या खात्याचं नेट बँकिंग त्याच कॉम्प्युटरवर चालतं, म्हणून मुलाचा हुकूम आहे, 'काहीच घेऊ नका.' वाचक विचारतात: "पैसा बी आपला अन् चोर बी आपल्याच घरमा, असं कशाला करायचं? त्यापेक्षा पेनड्राइव्ह बरी नाही का? आणि मुलाला काय सांगू?"

नाना, (सहीत नाव नाही, म्हणून हे मीच ठेवलं; चालवून घ्या.)

तुमच्या संशयाला कुणी म्हातारपणाचा चळ म्हणत असेल तर म्हणू देऊ नका. पैसे घेणाऱ्यांनी गिऱ्हाइकाच्या मशीनमध्ये नको ते घातल्याचे प्रकार खरोखर घडलेत, आणि त्यातला एक तर तुमच्या छंदाच्या भावकीतच घडला. २०१८च्या फेब्रुवारीत फ्लाइट सिम लॅब्स या, सिम्युलेटरसाठी विमानं बनवून विकणाऱ्या कंपनीच्या ए-३२० विमानाच्या इन्स्टॉलरमध्ये 'टेस्ट' नावाची एक फाइल सापडली. क्रोम ब्राउजरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलणारा प्रोग्रॅम होता तो. कंपनीने खुलासा केला की चोरीचा सीरियल नंबर टाकणाऱ्याला पकडण्यासाठीच तो ठेवला होता आणि प्रामाणिक गिऱ्हाइकाच्या मशीनवर तो चालतच नव्हता. असेलही. पण इन्स्टॉलर सगळ्यांना एकच मिळत होता. रोख पैसे मोजलेल्यालाही तो प्रोग्रॅम पोटात घेऊनच मिळत होता. बोभाटा झाल्यावर कंपनीने माफी मागितली आणि ती फाइल काढून नवा इन्स्टॉलर दिला.

त्याआधी २०१३ मध्ये ईएसईए या अमेरिकी गेमिंग सेवेच्या सॉफ्टवेअरने सभासदांच्या मशीनवर गुपचूप बिटकॉइन काढायचा उद्योग केला होता. सुमारे १४,००० कॉम्प्युटर त्यात सापडले आणि न्यू जर्सी राज्याने कंपनीला दंडाची तडजोड करायला लावली. त्याहून जुनं म्हणजे २००५चं सोनी बीएमजीचं प्रकरण. गाण्यांच्या सीडीवर कॉपी रोखायला घातलेलं सॉफ्टवेअर मशीनमध्ये लपून बसत होतं, आणि त्याच्या आडोशाने इतर व्हायरसनाही लपता येत होतं. त्या सीडी कंपनीला परत मागवाव्या लागल्या.

म्हणजे ग्रुपवरचे ते गृहस्थ हवेत बोलत नाहीत. चुकतात ते 'सगळ्याच' या शब्दाला. आणि तुम्ही त्यांच्या म्हणण्यावरून जो निष्कर्ष काढताय, की विकतचं घातक म्हणून फुकटचं बरं, तिथे मी तुम्हाला थांबवणार आहे.

गेल्या काही वर्षांतली गेमच्या जगातली पासवर्डचोरीची मोठी प्रकरणं पाहा. जून २०२३ मध्ये माइनक्राफ्ट खेळणाऱ्यांना फुकट मिळणाऱ्या मॉडमध्ये (खेळात भर घालणाऱ्या फाइलींमध्ये) व्हायरस शिरला. मॉड बनवणाऱ्यांची अकाउंट हॅक करून तो घातला होता. त्याच वर्षी २५ डिसेंबरला स्ले द स्पायर या खेळाच्या 'डाउनफॉल' नावाच्या फुकट मॉडचं अपडेट आलं आणि ते ब्राउजरमधले पासवर्ड घेऊन गेलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये पायरेटफाय नावाचा फुकट गेम स्टीम या गेमच्या मोठ्या ऑनलाइन दुकानात येऊन बसला. तो काढल्यावर स्टीमने खेळणाऱ्यांना कळवलं की शक्यतो विंडोज पुसून नव्याने टाका. तिन्ही ठिकाणी कुणीही रुपया मागितला नव्हता. पासवर्ड चोरणाऱ्याला तुमच्या अठराशे रुपयांत रस नसतो हो. त्याला तुमची पेन्शन दिसत असते. किंमत लावली तर चार माणसं कमी येतील, म्हणून तो फुकटच वाटतो.

या पार्श्वभूमीवर तुमच्या मित्राची पेनड्राइव्ह बघू. मित्र सज्जन आहे, मान्य. पण ती फाइल त्याने बनवलेली नाही. त्याला कुणी दिली, त्याला कुणी, आणि मध्ये कॉपी रोखणारं कुलूप तोडताना कुणी काय घातलं, हे त्या मित्रालाही माहीत नाही. तुम्ही गार्ड होता. टीएक्सआरने (गाडी तपासनिसाने) रेक, म्हणजे जोडलेले डबे, तपासून ब्रेक पॉवर सर्टिफिकेट (बीपीसी) दिल्याशिवाय, त्यावर तुमची आणि ड्रायव्हरची सही झाल्याशिवाय गाडी यार्डातून हलत नव्हती. आणि रेकमध्ये मर्यादेपलीकडे फेरफार झाला की तेच बीपीसी बाद. इन्स्टॉलरवरच्या डिजिटल सहीचं अगदी तसंच आहे. फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये गेलात की 'डिजिटल सिग्नेचर्स' असा कप्पा दिसतो. त्यात बनवणाऱ्याचं नाव असतं, आणि नंतर कुणी त्या फाइलमध्ये एका अक्षराचा बदल केला असेल तर सही वैध नसल्याचं विंडोज तिथेच सांगतं. क्रॅक केलेल्या, म्हणजे कुलूप तोडलेल्या फाइलमध्ये बहुधा फेरफार झालेलाच असतो. तिचं बीपीसी तुम्ही स्वीकारलं नसतं, हे मी खात्रीने सांगतो.

आता सहीच्या मर्यादाही ऐका. फाइल कुणाची आहे आणि ती जशी निघाली तशीच आली आहे, एवढंच सही सांगते. बनवणारा सचोटीचा आहे, असं ती सांगत नाही. दुसरं, सहीसाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राला दरवर्षी पैसे पडतात, म्हणून घरी बसून दोन-चार इंजिनं बनवणारा हौशी माणूस बरेचदा सही करतच नाही. सही नाही म्हणजे चोर, असं समजू नका. मग तिथे फाइलच्या पोटात बघावं लागतं, आणि तुमच्या छंदात ते इतर खेळांपेक्षा सोपं आहे.

कसं ते सांगतो. मायक्रोसॉफ्टच्या २००१च्या ट्रेन सिम्युलेटरचं किंवा ओपन रेल्सचं इंजिन म्हणजे बहुतांशी निर्जीव सामान. डॉट एस फाइलमध्ये आकार, डॉट एसीई फाइलमध्ये रंगरूप, डॉट वेव्हमध्ये आवाज, डॉट ईएनजी आणि डॉट डब्ल्यूएजीमध्ये इंजिन-डब्यांची माहिती, जी नोटपॅडमध्ये उघडून वाचताही येते. या फाइली स्वतः चालत नाहीत. सिम्युलेटर त्या वाचतो. नुसत्या अशा फाइलींची झिप आली, तर तिच्यातून हेर शिरणं फार कठीण. ट्रेन्झ हा सिम्युलेटर असेल तर त्याच्या डॉट सीडीपी फाइली कंटेंट मॅनेजरमधून आत घेतल्या जातात, वेगळा इन्स्टॉलर लागत नाही. धोका असतो तो डॉट ईएक्सई फाइलीचा, म्हणजे जिला आपण एक्झी म्हणतो. आणि डॉट बॅटचाही. जुन्या रूटबरोबर 'इन्स्टॉलमी' नावाची बॅट फाइल येते, ती तुम्ही पन्नास वेळा डबल क्लिक केली असेल. पुढच्या वेळी आधी राइट क्लिक करून 'एडिट' म्हणा. आत मुख्यतः 'कॉपी', 'एक्सकॉपी' आणि मूळ गेममधल्या युरोप१, जपान१, यूएसए२ अशा फोल्डरची नावं दिसायला हवीत, कारण तिचं काम तिथली सिग्नल, झाडं, खांब उचलून नव्या रूटमध्ये आणायचं एवढंच आहे. त्यात 'पॉवरशेल' किंवा एखादा इंटरनेटचा पत्ता दिसला तर गाडी जागच्या जागी उभी करा.

अँटिव्हायरसच्या इशाऱ्याबद्दल तुम्ही घाबरलात ते ठीकच, पण तो खोटाही असू शकतो, हे खरं आहे. छोट्या विक्रेत्याचा इन्स्टॉलर फार थोड्या लोकांनी उतरवलेला असतो, आणि विंडोजचा स्मार्टस्क्रीन अनोळखी फाइलकडे संशयानेच बघतो. कॉपी होऊ नये म्हणून फाइल गुंडाळून टाकलेली असेल तर अँटिव्हायरसला ती व्हायरससारखी दिसते. तरीसुद्धा 'अँटिव्हायरस बंद ठेवा' हे उत्तर मला मान्य नाही. ज्याला आपला माल साफ असल्याची खात्री आहे, तो इशाऱ्याचं नेमकं नाव विचारतो, अँटिव्हायरस कंपनीला फाइल पाठवून ती यादीतून काढून घेतो, नाहीतर एक्झीऐवजी झिप देतो. तुम्ही तो संच काढून टाकलात हे योग्यच झालं. संच साफ होता की नव्हता हे आता कळणार नाही. पण तसं उत्तर देणाऱ्याकडे पुन्हा जायचं कारण नाही.

पुढे असा प्रसंग आला तर व्हायरसटोटलवर फाइल टाकून बघा. सेवा फुकट आहे, गूगलच्या मालकीची आहे, ६५० एमबीपर्यंतची फाइल घेते आणि साठ-सत्तर अँटिव्हायरसचं मत एकाच वेळी दाखवते. दोघा-तिघांनी 'जेनेरिक' असं मोघम काही म्हटलं, तर विक्रेत्याला विचारायला जागा आहे. दहा-पंधरा जणांनी, आणि त्यात मोठ्या नावांनी, 'स्टीलर' (पासवर्ड चोरणारा) म्हटलं तर विषय संपला. मात्र तिथे टाकलेली फाइल सुरक्षा कंपन्यांना बघायला मिळते, म्हणून पेन्शनचे कागद, आधार वगैरे चुकूनही चढवू नका.

ग्रुपवरच्या त्या गृहस्थांना मात्र दोन गोष्टी विचारा. कुठल्या फाइलमध्ये, कुठल्या नावाने व्हायरस सापडला? आणि त्या साइटवर खातं उघडताना पासवर्ड कोणता ठेवला होता? पहिल्याचं उत्तर बहुधा 'सापडला असं नाही, पण...' असं येईल. दुसऱ्याचं उत्तर येणारच नाही, कारण तो फेसबुकचाच पासवर्ड असण्याची शक्यता फार मोठी. छोट्या साइटचा डेटा फुटला की तिथले ईमेल आणि पासवर्ड इतर ठिकाणी लावून बघितले जातात. त्यात हेर लागत नाही, इन्स्टॉलर लागत नाही. साइटवाल्याचा ढिसाळपणा आणि आपला आळस एवढं पुरतं. 'हॅव आय बीन पॉन्ड' या साइटवर आपला ईमेल टाकला की तो कुठल्या फुटीत सापडला आहे ते दिसतं. तुमचाही टाकून बघा.

आणखी एक भेद. साइट किंवा गेम तुमच्या मशीनबद्दल काहीतरी 'वर' पाठवतो, हे ग्रुपवर कुणी दाखवलं तर लगेच हेर म्हणून नाचू नका. परवाना तपासायला मशीनची ओळख पाठवणं वेगळं, जाहिरातीवरून किती गिऱ्हाइकं आली हे मोजणं वेगळं, आणि पासवर्ड नेणं वेगळं. २०१८ मध्ये रेड शेल नावाच्या मोजणीच्या सॉफ्टवेअरवरून असाच गदारोळ झाला आणि बऱ्याच गेमवाल्यांनी ते काढून टाकलं. न विचारता मोजणी करणं मलाही आवडत नाही, पण त्यावरून कुणाची पेन्शन गेली नव्हती.

आता पेन्शनच. खरं सांगू, मला तुमच्या पत्रात रूटपेक्षा याच ओळीची काळजी वाटली. रूट विकत घ्या, फुकट घ्या, घेऊच नका. ज्या मशीनवर जगभरातून उतरवलेल्या फाइली चालतात, त्या मशीनवर पेन्शनचं नेट बँकिंग नको. ब्राउजरमध्ये साठवलेले पासवर्ड चोरायला अ‍ॅडमिनची परवानगीसुद्धा लागत नाही, तुमच्या लॉगिनखाली चाललेला प्रोग्रॅम ते काम करू शकतो. म्हणून बँक फोनवर हलवा आणि त्या फोनवर प्ले स्टोअरबाहेरचं काही टाकू नका. कॉम्प्युटरच्या ब्राउजरमधून बँकेचा, ईमेलचा पासवर्ड पुसा. विंडोजमध्ये खेळासाठी वेगळा साधा युजर बनवा, अ‍ॅडमिन नसलेला. नवीन काही टाकताना विंडोज अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागेल, तेव्हा तो देण्याआधी फाइल तपासा. तो एकदा दिला की वेगळ्या युजरचा उपयोग राहत नाही. ओपन रेल्सला खेळताना इंटरनेट लागत नाही, तर इंटरनेट बंद करून खेळा. मे महिन्यात भुसावळच्या दुपारी बाहेर पडायचं नाहीच, मग बारा ते पाच घाट चढा-उतरा, वायफाय बंद.

ते रिमोट सॉफ्टवेअरही बघायला हवं. मुलगा एका इंजिनाच्या फाइलला घाबरतो आणि त्याने स्वतः मात्र पूर्ण मशीन लांबून हाताळायची सोय चोवीस तास उघडी ठेवली आहे, असं मला पत्रावरून वाटतं. बँकेचा अधिकारी असल्याचं सोंग घेऊन लुबाडणारे नेमकं असलंच सॉफ्टवेअर वापरायला सांगतात. त्याला म्हणा, काम असेल तेव्हाच चालू करू, एरवी बंद. हे भांडणाच्या सुरात म्हणायचं नाही, पण म्हणायचं.

मुलाला खरेदी लपवून ठेवू नका. उद्या काही झालं तर तुम्ही आधी त्याच्यापासून लपवाल, आणि पैसे परत मिळायची वेळ नेमकी त्यातच जाईल. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेची नसेल आणि तुमचीही नसेल, तर अनधिकृत व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं की तुमची जबाबदारी शून्य. सात कामकाजाच्या दिवसांपर्यंत ती मर्यादित. ओटीपी, पिन स्वतःहून कुणाला दिला असेल तर मात्र बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलंच. १९३० हा सायबर फसवणुकीचा क्रमांक फोनमध्ये साठवा, फ्रिजवरही चिकटवा.

पैसे देताना एक गोष्ट. परदेशी साइट बऱ्याचदा ओटीपी न मागताच कार्डावरून पैसे घेतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचा परदेशी वापर चालू-बंद करायची आणि मर्यादा ठरवायची सोय असते. रिझर्व्ह बँकेने २०२० पासून ती सगळ्या बँकांना बंधनकारक केली आहे. खरेदीपुरता वापर चालू करा, मर्यादा दोन हजार ठेवा, पावती आली की बंद. कार्ड पेन्शनच्या खात्याचं नको. थोडे पैसे ठेवलेल्या दुसऱ्या खात्याचं घ्या. साइटला 'कार्ड लक्षात ठेवा' म्हणू नका, आणि पासवर्ड कुठेही न वापरलेला ठेवा, वहीत लिहून ठेवलात तरी चालेल.

समजा मागच्या त्या संचात खरंच काही होतं, अशी धास्ती अजून आहे. मग विंडोज सिक्युरिटीमधला 'ऑफलाइन स्कॅन' चालवा. मशीन एकदा बंद होऊन सुरू होईल, घाबरू नका. पासवर्ड बदलायचे ते फोनवरून, आधी ईमेलचा, मग बँकेचा, आणि 'सगळीकडून साइन आउट' हे बटण दाबायचं. स्कॅनमध्ये स्टीलर सापडलाच तर नुसता पुसून भागत नाही, विंडोज नव्याने टाकायचं.

जळगाव-धुळ्याकडच्या आयांनाही यातलं काही उपयोगी पडेल, म्हणून मध्येच लिहितो. मुलगा मोबाइल गेममधलं चलन, म्हणजे बीजीएमआयचे यूसी किंवा फ्री फायरचे डायमंड, स्वस्तात देणारी साइट दाखवत असेल तर बघा, ती मागते काय. रिचार्जला खेळाडूचा आयडी पुरतो. पासवर्ड, ओटीपी मागितला किंवा फोनमध्ये एपीके (प्ले स्टोअरबाहेरून येणारी अ‍ॅपची फाइल) टाकायला सांगितलं, की ती साइट रिचार्जची नाही. बसच्या गेममध्ये लाल परी हवी म्हणून टेलिग्रामवरून एपीके उतरवणाऱ्या पोरांनाही हेच लागू. त्या एपीकेने 'अ‍ॅक्सेसिबिलिटी'ची परवानगी मागितली तर स्पष्ट नाही म्हणायचं. ती दिली की स्क्रीनवरचं सगळं त्याला वाचता येतं.

आता तुमच्या रूटचं. माझं मत, घ्या. अठराशे रुपयांत कुणीतरी महिनोन्महिने बसून घाटाचे बोगदे, चढ-उतार, सिग्नल मोजून मांडलेत, त्याला ते मिळायला हवेत. पण पैसे देण्याआधी त्या साइटची एखादी फुकट वस्तू असेल तर ती उतरवून बघा. डबा, स्टेशन, काहीही. तिची फाइल कशी आहे त्यावरून माणूस कळतो. मग एक मेल टाका, तीनच प्रश्नांचा: रूट झिपमध्ये मिळतो की एक्झीमध्ये, एक्झी असेल तर तिच्यावर सही कुणाच्या नावाची आहे, आणि अँटिव्हायरसने अडवलं तर पैसे परत मिळतात का. आठ दिवस वाट बघा. 'अँटिव्हायरस बंद ठेवा' एवढंच उत्तर आलं, तर अठराशे खिशात राहू द्या आणि दुसऱ्या कुणाचा घाट शोधा. मेल इंग्रजीत लागेल, तो मुलाकडूनच लिहून घ्या. उत्तर आलं की तेही त्यालाच वाचायला द्या.